नेमके काय अडले?

‘प्रोग्राम चालत नाही,’ एवढेच सांगून आपण सरांपुढे उभे राहतो. घरी विचारावे असे कोणी नाही, म्हणून सरांची ती दोन मिनिटे मला मोलाची वाटतात. सांगावयास हवे ते असे : ४५, ५० व ५५ या गुणांची सरासरी ५० यावयास हवी, येते ११३.३३. इतके लिहिले की बेरजेभोवतीचा कंस राहिल्याने भागाकार एकट्या ५५ ला लागला, हे पुष्कळदा आपले आपल्यालाच दिसते.

आपल्या वर्ध्याच्या मगन संग्रहालयात चरखे पाहताना मला १९२९ सालची अखिल भारत चरखा संघाची स्पर्धा आठवली. संघाने ‘चांगला चरखा हवा’ असे मोघम म्हटले नाही. १ लाख रुपयांच्या बक्षिसासाठी अटी घातल्या : ८ तासांत १२ ते २० नंबरचे १६,००० फूट सूत निघावे, किंमत १५० रुपयांच्या आत असावी, यंत्र २० वर्षे टिकावे, वर्षाची दुरुस्ती किमतीच्या ५ टक्क्यांवर जाऊ नये. शिवाय ते खेड्यातील झोपडीत, बाईमाणसाला फारसे न थकता चालवता यावे. (सर्वांत अवघड अट हीच असावी!)

बक्षीस कोणालाच मिळाले नाही. नुसता ‘चांगला’ चरखा मागितला असता, तर कोणते तरी यंत्र खेड्यांच्या गळ्यात पडले असते.