शेवळं, काकडं आणि काळाकुट्ट चहा

पहिला पाऊस पडला की कर्जतच्या बाजारात ठाकर आणि कातकरी मावश्या रानभाज्या घेऊन बसतात. त्यातली एक भाजी बघितलीच पाहिजे अशी असते. तपकिरी-जांभळी, टोकदार, मिटलेल्या छत्रीसारखी. ही शेवळं! सुरणाच्या नात्यातल्या एका रानकंदाचे हे न उमललेले फुलोरे.

मी पहिल्यांदा शेवळं घेतली, तेव्हा मावशीनं जुडीशेजारी मूठभर हिरवी, गोटीएवढी फळं ठेवली. "काकडं ने गं बाय, नायतर गळा खाजंल." मी नुसती शेवळंच घेतली. घरी आले, चिरली, परतली, खाल्ली. आणि मग घशात कुणी सुया टोचाव्यात तसं व्हायला लागलं.

त्या खरंच सुया होत्या! शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक असतात, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर थेट सुयांच्या जुडग्यासारखे दिसणारे. कुणी झाड ओरबाडून खाऊ नये म्हणून झाडानंच केलेली ही तयारी. अळू आणि सुरण खाजतात तेही याच सुयांमुळे.

पुढच्या वेळी मावशीला सगळं नीट विचारलं. आतल्या दांड्याचा पिवळा भाग काढून टाकायचा, बाकीचं बारीक चिरायचं, तेलात भरपूर परतायचं, मग आंबट काकडं ठेचून त्यांचा रस घालायचा आणि शिजू द्यायचं. घशाला काहीसुद्धा झालं नाही. मावशी भाजी विकत होती आणि भाजी खायची कशी तेही शिकवत होती. माझ्या मते आहारशास्त्राचा सगळ्यात जुना वर्ग अशाच टोपल्यांभोवती भरतो. (रानातलं काही ओळखल्याशिवाय तोंडात घालायचं नाही हं, त्यातलं काही विषारीही असतं.)

पावसाळ्यात आदिवासी वाड्यांवर घरातलं धान्य संपत येतं. तेव्हा टाकळा, कुर्डू, भारंगी, कंटोळी या रानभाज्यांचाच आधार. कशेळ्याच्या अ‍ॅकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेनं याच भागात धान्यबँका उभ्या केल्या. अडचणीत धान्य उसनं न्यायचं, कापणी झाली की थोडं जास्त घालून परत करायचं.

आहारशास्त्राचा दुसरा वर्ग भरतो अंगणवाडीत. 2 ऑक्टोबर 1975 रोजी देशात 33 ठिकाणी अंगणवाड्यांच्या योजनेची सुरुवात झाली आणि आज वाडीवाडीवर अंगणवाडीच्या ताई आहेत. त्या आयांना सांगतात, "भाताबरोबर नाचणीही द्या." का? 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. तेवढ्याच भातात त्याचा मागमूससुद्धा जेमतेम! हाडं आणि दात घडायला हेच तर लागतं.

आणखी एक गोष्ट सांगतात. पालेभाजीवर, वरणावर लिंबू पिळा आणि जेवणावर लगेच चहा पिऊ नका. पालेभाजीतलं लोह आपल्या आतड्यांना सहज शोषता येत नाही. लिंबातलं क जीवनसत्त्व त्या लोहाचं रूप बदलतं आणि ते रक्तापर्यंत पोचणं सोपं होतं. उष्णतेनं हे जीवनसत्त्व कमी होतं, म्हणून लिंबू ताटातच पिळायचं, कढईत नाही. आणि चहा? त्यातली टॅनिन नावाची द्रव्यं लोहाला घट्ट धरून ठेवतात.

हे डोळ्यांनी बघायचंय? मोठ्यांना सांगून काचेच्या पेल्यात बिनदुधाचा कडक चहा घ्या. त्यात एक साधा लोखंडी खिळा टाकून रात्रभर ठेवा. सकाळी चहा काळाकुट्ट झालेला असेल, शाईसारखा. टॅनिननं लोहाला पकडलं ना! पूर्वी शाई याच युक्तीनं करत. आता खिळा काढा आणि त्या काळ्या चहात अर्धं लिंबू पिळा. (प्यायचा मात्र नाही!) पेला उजेडात धरून चमच्यानं ढवळत राहा. काळा रंग हळूहळू फिका पडत जाईल आणि चमच्याचं तळाशी गेलेलं टोक दिसायला लागेल.