पहिलं वेल्डिंग मशीन घेताना

बेअरिंगची गाडी तुमच्यापैकी कितीतरी जणांनी चालवली असेल. गॅरेजवाल्या काकांकडून मागून आणलेली जुनी बेअरिंगं, एक फळी, चार खिळे आणि समोर उतार! पण दोन दिवसांत खिळे ढिले होतात आणि चाक निखळतं. मग टोळीतला एखादा म्हणतोच, "लोखंडाची करू या रे, वेल्डिंग मारून!"

हा विचार काही वाईट नाही. सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात देवराष्ट्रे नावाचं गाव आहे. यशवंतराव चव्हाण यांचा जन्म याच गावातला. तिथल्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातले भाग जमवून आणि जोडून एक छोटी चारचाकी तयार केली. ती चक्क मोटारसायकलसारखी किक मारून सुरू होत असे! खर्च आला साठ हजारांच्या आसपास. 2021 च्या डिसेंबरात तिची बातमी देशभर पोचली. उद्योगपती आनंद महिंद्र यांनी त्यांना त्या गाडीच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली आणि जानेवारी 2022 मध्ये ती त्यांच्या दारात उभीही राहिली.

अशी गोष्ट ऐकली की घरातल्या दादाला किंवा बाबांना वाटतं, आपणही एक मशीन घ्यावं. जुन्या जीपचा सडलेला पत्रा बदलावा, ट्रॉलीचा अँगल जोडावा. आपल्या पेठच्या पावसात पत्रा सडायला कितीसा वेळ लागतो! पण भात-नागलीच्या किंवा मजुरीच्या पैशातून मशीन घ्यायचं, तर चुकून चालत नाही. म्हणून आज या मशीनची ओळख करून घेऊ. मशीन चालवणं मोठ्यांचं काम. पण दुकानात योग्य प्रश्न विचारणं तुम्हालाही जमेल.

लोखंड जुळतं कसं?

वेल्डिंग म्हणजे चिकटवणं नव्हे, वितळवून एक करणं. मशीनची एक केबल कामाच्या लोखंडाला चिमट्याने लावतात. दुसरीच्या टोकाला होल्डर असतो आणि त्यात रॉड. रॉड लोखंडाला टेकवून किंचित उचलला की मधल्या फटीतून वीज उडी मारते. तिथे हजारो अंश सेल्सिअस उष्णता तयार होते. लोखंड साधारण दीड हजार अंशांना वितळतं, मग त्याचं पाणी व्हायला कितीसा वेळ! रॉडही वितळून त्यात मिसळतो.

रॉडवर जो राखाडी लेप असतो, तो शोभेचा नाही. तो जळून धूर होतो आणि वितळलेल्या लोखंडाला हवेपासून वाचवतो. उरलेल्या लेपाची वर खपली धरते. ती छोट्या हातोडीने झाडली की खाली चकचकीत जोड दिसतो. हा लेप दमट झाला तर जोडात बारीक भोकं पडतात. म्हणून आपल्याकडे जून ते सप्टेंबर रॉडचा पुडा झाकणाच्या डब्यात, कोरड्या जागीच हवा.

दुकानात काय काय दिसेल?

पहिलं, जुन्या पद्धतीचं ट्रान्सफॉर्मर मशीन. जड, दणकट, वर्षानुवर्षं टिकणारं. पण ते हलवायला दोन माणसं लागतात आणि अशा बऱ्याच मशीनना घरगुती वीज पुरत नाही.

दुसरं, इन्व्हर्टर मशीन. शाळेच्या दप्तराएवढं, खांद्याला अडकवून नेता येणारं. इतकं हलकं कसं? आपल्या घरातली वीज सेकंदाला 50 हेलकावे खाते. हे मशीन ते हेलकावे कितीतरी पटींनी वाढवतं, मग आतला ट्रान्सफॉर्मर लहान असला तरी भागतं. साधं इन्व्हर्टर मशीन साधारण पाच-सात हजारांपासून मिळतं आणि घरच्या विजेवर चालतं.

तिसरं, मिग मशीन. यात रॉडऐवजी तारेचं रीळ असतं. बटण दाबलं की तार आपोआप पुढे येते. सोबत गॅसची टाकी लागते. काही मशीनवर मात्र मसाला भरलेली तार लावली की गॅसशिवाय काम होतं. पातळ पत्र्याला हे उत्तम, पण किंमत साध्या इन्व्हर्टरच्या दुप्पट-तिप्पट.

चौथं टिग. त्याने अतिशय नाजूक, सुबक काम होतं, पण ते शिकायला कठीण. पहिल्या खरेदीत त्याचा विचार नको.

आधी पत्रा मोजा

दुकानात जाण्याआधी घरीच विचारा, आपल्याला जोडायचं काय आहे? मोटारीच्या दाराचा किंवा बॉनेटचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा, कधी त्याहूनही पातळ असतो. नवख्या हाताने त्यावर रॉड टेकवला की जोड होण्याऐवजी भोकच पडतं. ट्रॉलीचा अँगल, स्टँडचा चौकोनी पाइप मात्र दोन ते पाच मिलिमीटरचा असतो. तिथे रॉडचं साधं मशीन छान चालतं.

म्हणजे निवड अशी. अँगल-पाइपचं काम जास्त असेल तर साधं इन्व्हर्टर पुरे. गाडीच्या बॉडीचा पत्राच जोडायचा असेल, तर पैसे साठवून मिग घ्यावं, किंवा तेवढं काम गॅरेजवाल्यांकडून करून घ्यावं. दोन-चार जोडांसाठी मशीन घेण्यापेक्षा मजुरी देणं स्वस्त पडतं!

खोक्यावरचा मोठ्ठा आकडा

खोक्यावर 200, 250 असे अँपिअरचे आकडे ठळक छापलेले असतात. त्याला भुलू नका. मशीनच्या मागची पट्टी वाचा. तिथे 'ड्यूटी सायकल' लिहिलेली असते. 200 अँपिअरला 60 टक्के, याचा अर्थ दहा मिनिटांत सहा मिनिटं काम आणि चार मिनिटं विश्रांती. शाळेत तासांनंतर मधली सुट्टी असते ना, तसंच. 30 टक्के असेल तर तीनच मिनिटं काम. छंदासाठी तेही चालतं, पण आपण काय घेतोय ते ठाऊक हवं.

आता एक गणित. दुकानदार ज्याला बारा नंबरचा रॉड म्हणतात, तो साधारण अडीच मिलिमीटर जाडीचा असतो. त्याला 60 ते 90 अँपिअर पुरतात. 80 अँपिअर धरू. ठिणगीच्या ठिकाणी दाब असतो सुमारे 23 व्होल्ट. 80 × 23 = 1840 वॅट. म्हणजे 9 वॅटचे जवळजवळ दोनशे एलईडी दिवे एकदम लावल्यासारखंच! मशीनमध्ये थोडी वीज वाया जाते, म्हणून भिंतीतून याहून जास्त ओढली जाते. मोबाइल चार्जरच्या छोट्या सॉकेटवर हे मशीन लावलं तर वायर तापून जळायला वेळ लागणार नाही. जाड वायर, मोठं सॉकेट आणि पक्कं अर्थिंग आहे की नाही, हे वायरमनकडून आधी तपासून घ्या. आपल्याकडे संध्याकाळी दिवे मंद होतात, तेव्हा वीज कमी दाबाने येत असते. म्हणून कमी व्होल्टेजवर हे मशीन किती तग धरेल, हेही दुकानातच विचारा.

सगळे पैसे मशीनवर नकोत

पालकहो, हे खास तुमच्यासाठी. दहा हजार बाजूला काढले असतील, तर दहा हजारांचं मशीन घेऊ नका. सहा-सात हजारांचं घ्या. उरलेल्या पैशात काळ्या काचेचा मुखवटा, चामड्याचे हातमोजे, रॉड, वायरचा ब्रश आणि खपली झाडायची हातोडी घ्या. ठिणगी पडताच काच आपोआप काळी होते असेही मुखवटे मिळतात. नवशिक्याला ते सोयीचे. अंगात सुती, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि पायात बूट हवेत. नायलॉन ठिणगीने वितळून कातडीला चिकटतं.

वेल्डिंगच्या उजेडात सूर्यप्रकाशासारखे, पण फार तीव्र अतिनील किरण असतात. त्या क्षणी काही जाणवत नाही. काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं, पाणी वाहतं, दिवा सहन होत नाही. असं झालं तर घरगुती उपाय न करता डॉक्टरांकडे जा. मुलांनो, साधा गॉगल इथे उपयोगाचा नाही. रस्त्याने जाताना वर्कशॉपमध्ये निळा उजेड दिसला, तर नजर फिरवायची आणि पुढे चालायचं.

हे मात्र कधीच नाही

पेट्रोलची टाकी रिकामी दिसली तरी आत वाफ असते. तिला वेल्डिंग म्हणजे स्फोट. चकाकणाऱ्या गॅल्व्हनाइज्ड पत्र्याला आधी घासून जस्त काढावं लागतं. नाहीतर त्याच्या धुराने थंडी-ताप भरतो. काम उघड्या, हवेशीर जागीच करावं. ओल्या जमिनीवर, ओल्या हाताने होल्डर धरू नये. गाडीवर काम करताना बॅटरीची वायर आधी सोडावी. आणि स्टिअरिंग, ब्रेक, चॅसी यांचे जोड नवशिक्याने मारूच नयेत. तिथे माणसांचा जीव टांगलेला असतो. सावळ घाटात भरलेली जीप उतरताना पाहिली की हे लगेच पटेल.

कायद्याचंही लक्षात ठेवा. 1988 च्या मोटार वाहन कायद्यातल्या 52 व्या कलमानुसार, नोंदणी झालेल्या गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. लोहार यांच्या गाडीचं कौतुक करतानाच, ती नियमांत बसत नाही, हेही आनंद महिंद्र यांनी सांगितलं होतं. म्हणून पहिले जोड मारावेत ते घरातल्या स्टुलाला, हंड्याच्या तिवईला, हातगाड्याला.

खरं शिकायचं असेल तर आयटीआयमध्ये वेल्डरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. नाशिकला सातपूरच्या कारखान्यांत मोटारी तयार होतात, तिथेही जोडकाम येणाऱ्याला किंमत आहे.

वहीत लिहून न्या

बाबा किंवा दादा दुकानात निघाले की तुम्हीही सोबत जा आणि हे पाच प्रश्न विचारा.

1. किती जाडीचं लोखंड यावर नीट जुळेल?
2. ड्यूटी सायकल किती टक्के, आणि किती अँपिअरला?
3. आमच्या घरच्या विजेवर, कमी व्होल्टेजवर चालेल का?
4. बिघडलं तर दुरुस्ती कुठे होईल? पक्कं बिल आणि वॉरंटी मिळेल का?
5. आमच्यासमोर एक जोड मारून दाखवाल का?

पाचवा प्रश्न विचारला की मात्र लगेच पाठ फिरवून उभे राहा. जोड थंड झाला की मग बघायचा!