अनामत रक्कम परत घेताना

भैरवगढ़ येथे माझा दवाखाना अकरा वर्षे भाड्याच्या जागेत होता. मेणाने हात भाजलेले बाटिकचे कारागीर, तुरुंगात भेटीसाठी आलेले नातेवाईक आणि कालभैरवाच्या रांगेत चक्कर आलेले यात्रेकरू, असा माझा रुग्णवर्ग. २०१९ साली ती जागा सोडली, तेव्हा चाळीस हजारांची अनामत परत मिळणे ही केवळ औपचारिकता आहे असे मी धरून चाललो होतो. आपल्यापैकी अनेक व्यवसायबंधू भाड्याच्याच जागेत बसतात, म्हणून तो अनुभव येथे मांडतो.

चाव्या मी मध्यस्थाच्या हाती दिल्या. पोच घेतली नाही. ‘मालक बाहेरगावी आहेत, पुढच्या महिन्यात पाहू’ असे ऐकण्यात सात महिने गेले. नंतर हिशेब आला: रंग, भिंतीची भोके, पंखा, नळ मिळून एकतीस हजार वजा! प्रत्येक रुग्णाची प्रकृती पहिल्या भेटीतच लिहून ठेवणाऱ्या मी जागेची प्रकृती मात्र कधीच लिहिली नव्हती.

संपत्ती हस्तांतरण कायदा, १८८२ याच्या कलम १०८ नुसार भाडेकरूने जागा मूळ स्थितीत परत करावयाची असते, परंतु वापरामुळे होणारी स्वाभाविक झीज त्यातून वगळलेली आहे. अकरा वर्षांत विटलेला रंग ही झीजच. पंखा आणि नळ मात्र माझ्या अंगावर आले व ते रास्तही होते. याच कलमाप्रमाणे आपण स्वखर्चाने बसविलेल्या वस्तू ताबा आपल्याकडे असेपर्यंतच काढून नेता येतात. माझे बेसिन आणि लाकडी आडभिंत मी सौजन्यापोटी तशीच ठेवली. पुढे तिचीच भोके माझ्या हिशेबात आली!

केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरार कायद्यात अनामतीची मर्यादा निवासी जागेस दोन महिन्यांचे व इतर जागेस सहा महिन्यांचे भाडे अशी आहे. पण तो राज्यांपुढे ठेवलेला नमुना आहे. राज्याने स्वतःचा कायदा केल्याखेरीज त्याचा आधार घेता येत नाही. म्हणून आपला किरायानामाच महत्त्वाचा. माझ्या पहिल्या किरायानाम्यात अनामतीचा उल्लेख होता, पण दर अकरा महिन्यांनी केलेल्या नूतनीकरणांत तो गळून गेला होता. पंचवीस हजार धनादेशाने दिले होते, त्याची नोंद बँकेत सापडली. पंधरा हजार मध्यस्थाकडे रोख दिले होते. त्याची पावती नव्हती.

अखेर वकिलामार्फत मालकाला नोटीस धाडली. (रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाले, आता पोचपावतीसह स्पीड पोस्ट करावे.) अशा रकमेच्या दाव्यास साधारणतः तीन वर्षांची मुदत असते, ती आश्वासनांवर विसंबून दवडू नये. दावा लावण्याऐवजी मी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावापूर्व अर्ज केला. लोकअदालतीत न्यायशुल्क नाही, आणि तेथील तडजोडीस दिवाणी हुकूमनाम्याचे बळ असून तीवर अपील नाही. अर्थात समोरचा आलाच नाही वा राजी झाला नाही, तर तेथे काही होत नाही. माझ्या बाबतीत मालक आले. बावीस हजार पाचशे मिळाले. रोख दिलेले पंधरा हजार बुडाले.

सध्याची जागा सिद्धवटाच्या वाटेवर आहे. ती घेताना भिंती, नळ, वीजमापक यांची छायाचित्रे काढून यादी केली, अनामत थेट मालकाच्या खात्यात भरली, आणि यादीवर मालकाची व साक्षीदार म्हणून शेजारच्या बाटिक कारागिराची सही घेतली. मालकांना प्रथम थोडे नवल वाटले. मग त्यांनीच एक प्रत मागून घेतली.