किल्लेकोटातील राजा

जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बातुमी येथे महिला विश्वचषक बुद्धिबळ स्पर्धेच्या अंतिम लढतीत नागपूरची दिव्या देशमुख आणि आंध्रची कोनेरू हंपी समोरासमोर आल्या, तेव्हा आम्हा आदिलाबादकरांची पंचाईत झाली. घरात मराठी, दवाखान्यात तेलुगू. जयजयकार कोणाचा करावा? अखेर डॉक्टर दांपत्याची कन्या दिव्या जिंकली आणि त्या उत्साहात मी तीस वर्षांनी एका हौशी स्पर्धेत नाव नोंदवले.

तिसऱ्या फेरीत समोर बारा वर्षांचा मुलगा आला. त्याच्या लसीकरणाच्या नोंदी माझ्याच हस्ताक्षरातील! त्याने किल्लेकोट केला. आपल्या जुन्या देशी खेळात ही सोय नव्हती. राजाला एकदाच घोड्याची उडी घेता येई. किल्लेकोटाने राजा सुरक्षित होतो खरा. परंतु एच ७ वरील प्याद्याला केवळ राजाचाच आधार उरला, की आघात तेथेच होतो. सतराव्या शतकातील इटालियन खेळाडू ग्रेको याच्या काळापासून ही युक्ती प्रसिद्ध आहे: एच ७ वर उंटाचा बळी, जी ५ वरून घोड्याचा शह, मग वजीर एच ५ वर.

ई ५ वर प्यादे सारून मी एफ ६ वरील रक्षक घोडा हुसकावला आणि डी ३ वरील उंट दिला. शह, वजीर, सारे यथासांग झाले. मुलाने बराच विचार करून ए ६ वरील उंट डी ३ वर आणला. माझ्याच उंटाने रिकामे केलेले घर! तेथून एच ७ वर त्याचा पहारा बसला. मात टळली आणि डाव मी हरलो.

"डॉक्टरकाका, माझा उंट तुम्हाला दिसला नव्हता का?" त्याने निरागसपणे विचारले.

दिसला होता. तो केवळ अदलाबदलीसाठी आला आहे, असे मी आधीच ठरवून टाकले होते.

मला एक जुने बाळ आठवले. ताप उतरला म्हणून मी त्याला निश्चिंतपणे घरी पाठवले होते. डेंग्यूत ताप उतरतो, नेमका तेव्हाच रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरू लागण्याचा धोका असतो, हे मला ठाऊक नव्हते काय? बाळ मलूल दिसते, म्हणून आईने त्याच संध्याकाळी हट्टाने परत आणले. त्यामुळेच ते वाचले.

आता रविवारी तो मुलगा आणि मी तोच डाव पुन्हा मांडतो. काळी मोहरी मी मागून घेतो.