भाड्याच्या घराचा नफा

ज्याचा जन्म भाडेकरूंच्या बाजूने मोर्चे काढण्यात गेला, त्याने घरमालकीच्या नफ्यावर बोलावे याचे आपणांस नवल वाटेल. परंतु अलीकडे आमच्या युनियनच्या कचेरीत निवृत्त कामगार येतात, प्रॉव्हिडंट फंडाचा चेक पुढे ठेवतात आणि विचारतात, "एक जुनी खोली घेऊन, दुरुस्त करून भाड्याने दिली तर?" जन्माची कमाई एका सहीने जाणार असेल, तर त्या सहीपूर्वीचे चार शब्द सांगणे हे आमचे कामच आहे.

प्रथम मुंबईचाच धडा पाहू. गिरण्या वाढल्या तेव्हा खासगी मालकांनी चाळी बांधल्या त्या धर्मादाय म्हणून नव्हे, भाड्याच्या उत्पन्नासाठी. पुढे १९४७ च्या कायद्याने बहुतेक जुन्या जागांचे भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधले गेले. महागाईत कामगाराला त्याने आसरा दिला, हे आम्ही कधी विसरणार नाही. पण भाडे गोठले, चुना-सिमेंटचे भाव गोठले नाहीत. मालकाने दुरुस्ती सोडली, उघड भाड्याची जागा पागडीने घेतली, आणि पावसाळ्यात इमारती कोसळू लागल्या. शेवटी १९६९ च्या कायद्याने उपकर बसवून दुरुस्तीचा भार सरकारी मंडळाला घ्यावा लागला. अशा उपकरप्राप्त इमारती आरंभी १९,६४२ होत्या. यावरून एवढेच घ्यावे की, ज्या घराच्या उत्पन्नातून त्याची दुरुस्ती निघत नाही, ते घर मालकाचेही राहत नाही आणि भाडेकरूचेही.

आता घर शोधण्याविषयी. पहिली पाहणी कागदांची. खरेदीखतांची साखळी, सोसायटीचा भागदाखला, थकबाकी नसल्याचे पत्र, इमारतीखालची जमीन सोसायटीच्या नावे झाली की नाही, आणि दुय्यम निबंधकाकडील तीस वर्षांचा शोध, एवढे वकिलाकडून करून घ्यावे. पागडीची खोली म्हणजे मालकी नव्हे, भाडेहक्क. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने पागडीला मान्यता मिळाली, तरी मालकाच्या संमतीवाचून हस्तांतर पक्के होत नाही. आमच्या ओळखीच्या एका फिटरने स्वेच्छानिवृत्तीचे सारे पैसे जुन्या भाडेकरूच्या हाती ठेवले. मालकाने पावती त्याच्या नावे केली नाही. खोलीही गेली आणि पैसेही. तो गृहस्थ सभांना येतो, पण घराचा विषय निघाला की उठून जातो.

दुसरी पाहणी भिंतींची, आणि तीही पावसाळ्यात. उन्हाळ्यात रंगवलेली भिंत खोटे बोलते. छतावर गंजाचे तांबूस ओघळ दिसले, गिलावा फुगला असला, तर आत सळई गंजली आहे असे समजावे. गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीट फोडते. वरून गिलावा मारणे म्हणजे गळवावर पावडर लावणे. इमारत तीस वर्षांहून जुनी असेल तर तिच्या संरचनात्मक तपासणीचा अहवाल मागावा.

दुरुस्तीचा क्रम ठरलेला आहे. आधी गळती, मग नळ व सांडपाणी, मग विजेच्या तारा, आणि शेवटी रंग व फरशी. बहुतेक लोक उलट्या टोकाने सुरुवात करतात आणि नवी फरशी फोडून नळ बदलतात.

आता हिशेब. समजा, मुंबईत ५० लाखांची जागा घेतली. मुद्रांक शुल्क ६ टक्के म्हणजे ३ लाख, नोंदणी ३० हजार, दुरुस्ती २ लाख ७० हजार. एकूण ५६ लाख. भाडे १७ हजार धरू. वर्षात एक महिना जागा रिकामी राहतेच, म्हणून ११ महिन्यांचे १ लाख ८७ हजार. त्यातून सोसायटीचे ३६ हजार आणि किरकोळ दुरुस्ती-दलालीचे २० हजार वजा करता १ लाख ३१ हजार उरतात. शेकडा अडीच रुपयेही नाहीत! कर्ज काढून हा व्यवहार केला तर भाड्यातून व्याजसुद्धा फिटणार नाही. खरा नफा किंमत वाढण्यावर अवलंबून आहे, आणि किंमत वाढेलच असे दलालाखेरीज कोणी छातीठोक सांगत नाही. म्हणून म्हातारपणाच्या औषधपाण्याचे पैसे यात घालू नयेत. उरलेले, दहा वर्षे न लागणारे पैसे असतील तरच या वाटेने जावे.

शेवटची गोष्ट भाडेकरूची. करार लेखी आणि नोंदलेलाच हवा; १९९९ च्या कायद्याने ती जबाबदारी मालकावर टाकली आहे, आणि करार नोंदला नसेल तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचेच म्हणणे ग्राह्य धरले जाते. पण कागदाहून मोठी एक गोष्ट आहे. हजार रुपये जास्त मागून दर वर्षी माणूस बदलणारा मालक रिकाम्या महिन्यांत आणि दलालीत ते हजार घालवून बसतो. वेळेवर भाडे देणारे कुटुंब पाच वर्षे टिकवणारा फायद्यात राहतो.

आपल्यापैकी पुष्कळांचे आईबाप दहा बाय बाराच्या खोलीत भाड्याने राहिले. छत गळताना मालकाच्या दारी त्यांनी किती खेपा घातल्या, ते आपण पाहिले आहे. उद्या कोणी आपल्या दारी तशी खेप घालील, तेव्हा दार उघडावे आणि प्लंबरला बोलवावे. इमारतही त्यानेच टिकते.