आधी पाणी, मग भिंती

सार्वजनिक स्नानगृह पाहताना नजर आधी कमानींवर आणि फरश्यांवर जाते. खरं तर आधी पाणी कुठून येतं आणि कुठे जातं, ते पाहावं. कोणाचा नंबर पहिला आणि कोणाचा शेवटचा, हे भिंती उभ्या राहण्याआधीच ठरलेलं असतं. ओमानमध्ये हे फार स्पष्ट दिसतं.

मस्कतहून निझवाला जाताना, निझवाच्या थोडं अलीकडे बिरकत अल मौझ हे गाव लागतं. तिथला फलज अल खतमीन हा युनेस्कोने २००६ साली जागतिक वारसा यादीत घेतलेल्या ओमानच्या पाच फलजांपैकी एक. फलज म्हणजे भूगर्भातलं, झऱ्याचं किंवा वादीचं (नदीपात्रातलं) पाणी केवळ उताराच्या जोरावर गावात आणणारा पाट. पंप नाही, मोट नाही. असे सुमारे तीन हजार फलज देशात आजही वाहतात. छत्रपती संभाजीनगरकरांनी मलिक अंबरची नहर किंवा पाणचक्की पाहिली असेल, तर यातलं तंत्र त्यांना परकं वाटणार नाही.

पाणी जिथे प्रथम उघड्यावर येतं, ती जागा पिण्याचं पाणी भरण्यासाठी राखीव. त्याखाली मशिदीची वजूची, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुण्याची जागा. मग सहसा पुरुषांची न्हाणी, त्यानंतर बायकांची, त्याहून खाली मृतांना अंघोळ घालण्याची जागा. एवढं सगळं झाल्यावर पाणी खजुराच्या बागांत शिरतं. काम जितकं मळकं, तितकी जागा खालच्या अंगाला. गावाचा नकाशा या उतरंडीवर बेतलेला असतो.

न्हाणीची बांधणी अगदी साधी. पाटावरच दगडमातीच्या भिंतींचा आडोसा. पाणी एका भिंतीखालून आत येतं, पायऱ्यांवर बसलेल्याच्या पायांवरून वाहतं आणि समोरच्या भिंतीखालून निघून जातं. पाटाच्या अस्तराला भाजलेल्या मातीचा आणि चुन्याचा, पाण्यात टिकणारा ‘सरूज’ हा गिलावा. पाणी सतत वाहतं राहिल्याने टाकी भरणं, उपसणं, धुणं ही कटकटच नाही.

शेतीच्या पाण्याचा हिशेब मात्र काटेकोर. दिवसा सूर्यघटिकेच्या सावलीवर, रात्री ताऱ्यांवरून पाळी मोजण्याची परंपरा. अर्ध्या तासाच्या वाट्याला ‘अथर’ म्हणतात. धुळे-नाशिककडच्या फड पद्धतीत पाटकरी जे काम करतो, तसंच काम इथे ‘वकील’ आणि ‘अरीफ’ हे फलजाचे कारभारी करतात. पण पिण्याच्या आणि अंघोळीच्या पाण्याला दाम नाही. बागेत ज्याचा थेंबभरही वाटा नाही, तोही न्हाणीत हक्काने जातो.

तुलनेसाठी आता इंग्लंडकडे पाहू. १८३२ च्या कॉलऱ्यात लिव्हरपूलच्या किटी विल्किन्सनने आपल्या घरातला बॉयलर शेजाऱ्यांना कपडे उकळून धुण्यासाठी खुला केला. त्या शहरात १८४२ साली फ्रेडरिक स्ट्रीटवर सार्वजनिक स्नान-धुलाईगृह उभं राहिलं आणि १८४६ च्या कायद्याने गावोगावच्या पालिकांना अशी घरं बांधण्याची मुभा मिळाली. मँचेस्टरचं व्हिक्टोरिया बाथ्स उघडलं १९०६ साली, राणी गेल्यावर पाच वर्षांनी. थाट मात्र तिच्याच काळातला. रंगीत काचा, चकचकीत फरश्या आणि तीन वेगळी प्रवेशद्वारं: पहिल्या वर्गाचे पुरुष, दुसऱ्या वर्गाचे पुरुष आणि स्त्रिया. ताजं पाणी आधी पहिल्या वर्गाच्या तलावात भरायचं, तेच पुढे दुसऱ्या वर्गाला आणि शेवटी बायकांना.

फलजावर क्रम लावला तो कामावरून, मँचेस्टरला तिकिटावरून. हा फरक लहान नाही. पाणवठ्यावर जातीने क्रम लावणाऱ्या आणि त्यासाठी १९२७ साली महाडला सत्याग्रह करावा लागलेल्या समाजाला तर तो नीट कळायला हवा. तरीही फलजाला पूर्ण गुण देता येत नाहीत. तिथेही बायका पुरुषांच्या खालीच. वाहत्या पाण्यामुळे त्यांना साचलेलं पाणी मिळालं नाही, एवढंच.

मस्कतला कोणी आप्त असेल आणि निझवाची सहल ठरत असेल, तर किल्ल्याबरोबर फलजासाठीही एक तास ठेवा. पाटाच्या कडेने वरून खाली चालत जा. आडोशाच्या न्हाण्या आजही वापरात असू शकतात. विचारल्याशिवाय आत डोकावू नका आणि कॅमेरा बंद ठेवा.