सांता क्लाराचा पिंगळा : पक्षीनिरीक्षकाच्या वर्षातील सर्वांत मोलाची नोंद

डिसेंबरच्या मध्यापासून ५ जानेवारीपर्यंत अमेरिकेत 'ख्रिसमस बर्ड काउंट' चालतो. नाताळच्या दिवशी गटागटाने पक्ष्यांची शिकार करण्याची जुनी प्रथा होती. तिला पर्याय म्हणून पक्षितज्ज्ञ फ्रँक चॅपमन यांनी १९०० साली पक्षी मारण्याऐवजी मोजण्याची कल्पना मांडली. पहिल्या वर्षी अवघे २७ जण सहभागी झाले होते. आज १५ मैल व्यासाचे वर्तुळ आखून दिवसभर त्यातील पक्षी मोजण्याची ही रीत अमेरिकेबाहेरही पोहोचली आहे. याच दिवसांत पक्षीनिरीक्षकांच्या वार्षिक याद्याही पूर्ण होतात आणि त्यांच्यात एक प्रश्न हमखास निघतो : यंदाचे सर्वांत आवडते दर्शन कोणते?

उत्तर बहुधा एखाद्या वाट चुकून आलेल्या दुर्मीळ पाहुण्याचे असते. असा पक्षी दोन दिवस दिसतो, त्याच्यासाठी लोक तासन्‌तास गाडी हाकत येतात आणि तो निघून जातो. सांता क्लारा परिसरात मात्र याहून सार्थ उत्तर घरच्याच एका पक्ष्याकडे आहे. त्याच्याकडे वळण्यापूर्वी इथले पक्ष्यांचे वर्ष कसे असते ते पाहायला हवे.

इंटेल आणि एन्व्हिडिया यांची मुख्यालये असलेले हे शहर पक्ष्यांसाठी प्रसिद्ध नाही. शहराच्या हद्दीत ग्वादालुपे नदीकाठी 'युलिस्टॅक' हे सुमारे ४० एकरांचे नैसर्गिक क्षेत्र आहे. तिथे पूर्वी गोल्फचे मैदान होते. आता स्थानिक झाडाझुडपांची लागवड आहे. खरी श्रीमंती उत्तरेला, अल्विसोच्या बाजूला सुरू होते. सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या या दक्षिण टोकाला दीड शतकाहून अधिक काळ मिठागरे होती. १९७२ साली अमेरिकी काँग्रेसने इथे अभयारण्याला मंजुरी दिली. आज ते डॉन एडवर्ड्‌स यांच्या नावाने ओळखले जाते. २००३ मध्ये सुमारे १५,००० एकर मिठागरे सार्वजनिक मालकीत आली आणि त्यांना पुन्हा दलदलीचे रूप देण्याचे दीर्घ काम सुरू झाले.

मराठी डोळ्यांना इथे हिवाळ्यात एक सुखद धक्का बसतो. पाण्यावर पसरलेल्या बदकांत रुंद, फावड्यासारख्या चोचीचा थापट्या असतो आणि लांब टोकदार शेपटीचे तलवार बदकही असते. यांना चुलत भावंडे म्हणता येणार नाही, कारण या त्याच जाती आहेत. उत्तर ध्रुवाभोवतीच्या प्रदेशात वाढलेले त्यांचे काही थवे हिवाळ्यात नाशिकजवळच्या नांदूर मध्यमेश्वरला उतरतात, तर काही अल्विसोला. चिखलात तांबड्या काटकुळ्या पायांवर चालणारा पक्षी मात्र आपला शेकाट्या नव्हे, त्याचा अमेरिकी भाऊ होय. मानेवरची काळी पट्टी ही त्याची खूण. वर वळलेल्या चोचीचा उचाट्याही इथे आहे, पण विणीच्या काळात त्याचे डोके व मान गंजासारखी तांबूस होते. गवताळ जागेवर एकाच ठिकाणी पंख मारत हवेत थबकणारा पांढरा-राखाडी शिकारी पक्षी पाहून तोंडून 'कापशी' असाच उद्गार निघतो, आणि तो फारसा चुकीचा नसतो. काही काळ शास्त्रज्ञही या दोघांना एकाच जातीत धरत होते.

हमिंगबर्डची गोष्ट उलटी आहे. तो शिंजीरासारखा फुलांभोवती फिरतो, पण त्याचा शिंजीराशी काही संबंध नाही. हमिंगबर्डचे सारे कुळ अमेरिका खंडांतच राहते. इथल्या अंगणात बारा महिने दिसणाऱ्या 'ॲनाज हमिंगबर्ड'ची वीण डिसेंबरातच सुरू होते. नर मादीसमोर उंचावरून सूर मारतो आणि तळाशी पोहोचताच एक तीक्ष्ण शीळ ऐकू येते. ती गळ्यातून येते असेच वाटते. पण शेपटीच्या कडेच्या पिसांतून वारा गेल्याने ती निघते, हे बर्कली येथील संशोधकांनी २००८ मध्ये दाखवून दिले. बाल्कनीत उभे राहून चहाच्या कपासोबत हे सारे पाहता येते. वर्षाच्या यादीत त्याला मानाचे पान देण्यास हरकत नसावी.

शेजारच्या सॅन होजेत नगरपालिकेच्या अठरा मजली इमारतीवर बहिरी ससाण्याने संसार थाटला आहे. डीडीटीच्या विषाने या पक्ष्यांच्या अंड्यांची कवचे इतकी पातळ झाली की १९७० साली संपूर्ण कॅलिफोर्नियात त्यांच्या फक्त दोन प्रजननक्षम जोड्या ठाऊक होत्या. १९७२ मध्ये डीडीटीवर बंदी आली, पिले वाढवून सोडण्याचे प्रयत्न झाले आणि १९९९ मध्ये देशाच्या संकटग्रस्त यादीतून हा ससाणा बाहेर पडला.

असे भाग्य ज्याला अजून लाभलेले नाही, तो इथला 'बरोइंग आउल', म्हणजे बिळात राहणारे घुबड. मराठी वाचकाला त्याची ओळख एका शब्दात करून देता येते : पिंगळा. दोघांचे शास्त्रीय कुळनाम एकच, 'अथीनी'. आपला पिंगळा आंब्या-वडाच्या ढोलीत राहतो; पहाटे कुडबुडे वाजवीत दारी येणारा भविष्यवेत्ता त्याची भाषा जाणतो, अशी गावोगावी समजूत होती आणि म्हणून त्या माणसालाही पिंगळाच म्हणत. सांता क्लाराचा पिंगळा जमिनीवर राहतो. उंची जेमतेम वीतभर, पाय लांब, डोळे पिवळेधमक. दिवसाढवळ्या तो बिळाच्या तोंडाशी उभा असतो. बीळ मात्र त्याचे स्वतःचे नसते. बहुधा जमिनीवर राहणाऱ्या खारींनी खोदलेले असते. आत शत्रू डोकावला तर पिले खुळखुळ्या सापासारखा फुत्कार काढतात. बिळाच्या दाराशी हा पक्षी जनावरांचे वाळके शेण आणून पसरतो. हा अव्यवस्थितपणा नसून आमिष आहे. २००४ साली 'नेचर'मध्ये आलेल्या फ्लोरिडातील संशोधनानुसार शेण पसरलेले असताना या घुबडांना दसपट शेणकिडे खायला मिळाले.

अडचण इथेच आहे. या पक्ष्याला जंगल नको, दलदल नको. हवे आखूड गवताचे सपाट, मोकळे मैदान. सिलिकॉन व्हॅलीत कार्यालये, वाहनतळ आणि घरे यांनाही नेमकी तीच जमीन हवी असते. खारींना उपद्रवी ठरवून विष घातले की नवी बिळे होत नाहीत. उरल्या त्या विमानतळाच्या धावपट्ट्यांकडेच्या पट्ट्या, सांडपाणी प्रक्रिया केंद्राभोवतीची राखीव जमीन आणि माउंटन व्ह्यूचे शोरलाइन उद्यान. बांधकामाच्या जागी पक्षी आढळल्यास विणीचा काळ टाळून बिळाला एकतर्फी दार बसवण्याची पद्धत रूढ झाली : पक्षी बाहेर पडू शकतो, परत आत जाऊ शकत नाही, मग बीळ बुजवले जाते. कागदोपत्री यात एकही पक्षी मरत नाही. तो कुठे जातो, हा प्रश्न त्या कागदावर नसतो.

२०१३ पासून सांता क्लारा खोऱ्यासाठी ५० वर्षांची अधिवास योजना लागू आहे. तीत बांधकामांकडून शुल्क घेऊन अधिवास राखले जातात. कृत्रिम बिळे म्हणून जमिनीखाली पेट्या आणि नळ्या पुरल्या जातात. काही पिलांना हिवाळाभर पिंजऱ्यात सुरक्षित ठेवून वसंतात जोड्यांनी सोडण्याचाही प्रयोग झाला आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्याच्या मत्स्य व शिकार (फिश अँड गेम) आयोगाने या घुबडाला संकटग्रस्त जाती कायद्याखाली 'उमेदवार' ठरवले. उमेदवारीच्या काळात अशा जातीला यादीतील जातींसारखेच कायदेशीर संरक्षण मिळते.

खानदेशातही या कुळाची अशीच जिवावरची कथा घडली आहे. तिथला रानपिंगळा १८८४ नंतर ११३ वर्षे खात्रीने कुणाला दिसला नव्हता. पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट या अमेरिकी निरीक्षकांना तो नोव्हेंबर १९९७ मध्ये आजच्या नंदुरबार जिल्ह्यातील शहाद्याजवळ सापडला. मधल्या काळातील १९१४ ची एक 'नोंद' रिचर्ड माइनर्ट्‌झहागन यांनी जुना नमुना चोरून, त्यावर खोटी चिठ्ठी लावून केली होती, हेही त्याच शोधात उघड झाले. नोंदीची तारीख आणि जागा खरी असणे किती महत्त्वाचे, याचा याहून बोलका दाखला क्वचितच मिळेल.

सांता क्लाराच्या पिंगळ्याबाबत तारखेला आणखी एक अर्थ आहे. हिवाळ्यात उत्तरेकडून स्थलांतर करून आलेली घुबडेही उपसागराच्या काठी मुक्काम करतात. त्यामुळे डिसेंबरात पक्षी दिसला म्हणजे इथली वस्ती टिकून आहे, असे ठरत नाही. एप्रिल-मे महिन्यांत बिळाशी उभी असलेली जोडी किंवा जूनमध्ये दाराशी गर्दी करणारी पिले, ही नोंद वेगळ्याच तोलाची. वर्षाच्या यादीत नाव दोन्ही वेळा एकच लिहिले जाते, म्हणून तारखेकडे लक्ष द्यावे.

पाहायला जायचे तर सकाळी किंवा उन्हे उतरल्यावर, पायवाट न सोडता, कुत्र्याला घरी ठेवून आणि दुर्बीण घेऊन जावे. भटक्या मांजरांना आसपास खाऊ घालू नये. बिळाची नेमकी जागा समाजमाध्यमांवर टाकू नये. अंतर पुरेसे आहे की नाही हे पक्षी स्वतःच सांगतो. गावाकडचा पिंगळा माणूस दिसताच डोळे वटारून खाली-वर डुलतो, तसाच हाही डुलतो. तो डुलू लागला की चार पावले मागे सरावे.